कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन, पोरीला सलाईन

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच नागपूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थशी संबंधित सर्व अधिकारी व संशोधक

विषय: गोचिडांपासून होणाऱ्या स्पॉटेड फीवरचा माणसांत आणि जनावरांत एकत्र शोध घेण्याबाबत

महोदय,

दोन विभागांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, ते मुद्दाम. वेगवेगळं लिहिलं असतं तर ‘गोचीड हा पशुसंवर्धनाचा विषय’ म्हणून एक प्रत आणि ‘ताप हा आरोग्याचा विषय’ म्हणून दुसरी प्रत दप्तरी दाखल झाली असती. निदान या वेळी तरी दोघांनी एकाच कागदावर शेरा मारावा, एवढी माफक अपेक्षा आहे.

मी पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी पशुवैद्यक आहे. सकाळी गोठे, संध्याकाळी दवाखान्यात कुत्री. गोचीड हे आमचं रोजचं काम. संकरित गाय तापाने फणफणली आणि खांद्यापुढच्या गाठी सुजल्या की थायलेरिया. लघवी लाल-काळी झाली की बबेसिया. कुत्र्याने खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं, प्लेटलेट उतरल्या की इर्लिशिया. यातलं काही नवीन नाही, गावातल्या मेडिकलवाल्यालाही पाठ आहे. ज्या घरी ही जनावरं असतात त्याच घरी माणसंही असतात, त्यांनाही ताप येतो, आणि त्यांच्या तापाच्या वेळी मात्र गोचीड कुणाच्याच डोक्यात येत नाही. माझी तक्रार इथून सुरू होते.

एक घर सांगतो. गावाबाहेरच्या वस्तीवर कुत्रा बघायला गेलो होतो. दारात बांधलेला देशी कुत्रा, हिरड्या पांढऱ्याफटक. कानाच्या पाळीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत एरंडीच्या बियांएवढे फुगलेले गोचीड. तो बांधला होता त्या मातीच्या भिंतीच्या भेगेत काडी घातली तर बारीक तांबूस पिल्लं भराभर बाहेर आली. मी रक्त काढत होतो तेव्हा आतल्या खोलीत खाटेवर सात-आठ वर्षांची मुलगी पडली होती. आजी म्हणाली, पाचवा दिवस आहे, तालुक्याच्या दवाखान्यात विडाल केली, टायफॉईड निघाला, दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली, आता अंगावर पुरळ उठलंय, ते औषधाची उष्णता म्हणून सांगितलंय. मी पोरीला हात उघडून दाखवायला सांगितलं. तळहातावर ठिपके होते, तळपायावर होते, पावलं सुजली होती. आजीला माझी चौकशी खटकली. म्हणाली, “सायेब, तुमी ढोराचे डॉक्टर, पोरीच्या तापाचं कायले इचारता?”

तिचं चुकलं नाही, मला तो अधिकार नाहीच. मी माझ्या ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना फोन लावून दिला. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. ती मुलगी आता शाळेत जाते. पण तिला स्पॉटेड फीवर होता असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तशी तपासणी कुणी केलीच नाही. पहिल्या दवाखान्याच्या कार्डावर ‘टायफॉईड’ लिहिलेलं आहे. सरकारी आकड्यांत ती कुठे गेली असेल तर तिथेच गेली असेल.

आणि कुत्रा? त्याला मी त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. इर्लिशियाला ते साधारण चार आठवडे देतात. कुठल्याही पशुवैद्यकाने डोळे मिटून हेच केलं असतं. एकाच अंगणातल्या एकाच जातीच्या गोचिडांनी दोघांना आजारी पाडलं असण्याची दाट शक्यता, दोघांना उपयोगी पडणारं औषध एकच, आणि ते आधी कुत्र्याला मिळालं.

ज्यांना हा आजार नावापुरताच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिकेट्सिया नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू पेशीच्या आतच वाढू शकतात, आणि यांना विशेष आवडतात त्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी. अस्तर सुजलं की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. म्हणून पुरळ, म्हणून सूज, म्हणून प्लेटलेट आणि सोडियम कमी. दुखणं वाढलं तर बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू कशावरही येऊ शकतं. भारतात आढळणाऱ्या जिवाणूचं नाव रिकेट्सिया कोनोरी, उपजात इंडिका. आजाराला पुस्तकांत इंडियन टिक टायफस म्हणतात. नावात टायफस असलं तरी याचा टायफॉईडशी संबंध नाही. टायफॉईडवर चालणारी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी इंजेक्शनं इथे निरुपयोगी आहेत, कितीही बाटल्या चढवल्या तरी.

हा जिवाणू वाहणारा मुख्य गोचीड म्हणजे कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनिअस. गाई-म्हशींवर जो प्रामुख्याने असतो तो त्याचा भाऊबंद आहे, तोच नव्हे. कुत्र्याचा गोचीड आपल्या आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरून भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, खाटेच्या खाचेत कात टाकतो. मादी हजारो अंडी घालते आणि जंतू तिच्याकडून अंड्यांत उतरतो. म्हणजे भिंतीतून बाहेर पडणारं, अजून एकदाही कुणाला न चावलेलं, टाचणीच्या टोकाएवढं पिल्लूसुद्धा जंतू घेऊनच जन्मलेलं असू शकतं. कुत्रा स्वच्छ केला आणि भिंत तशीच ठेवली तर काही आठवड्यांत कुत्रा पुन्हा भरतो. हे आमच्या रोजच्या अनुभवातलं आहे आणि प्राण्यांच्या मालकाला समजावताना घसा सुकतो.

‘हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे’ असं मला एका बैठकीत ऐकवण्यात आलं होतं. आपण शोधतो किती, हे आधी बघू. भारतातल्या कुत्र्यांच्या गोचिडांतून हा जंतू वेगळा केला गेला तो १९५० साली, आणि तोच नमुना आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ‘इंडियन टिक टायफस’ म्हणून संदर्भासाठी वापरला जातो. माणसाच्या शरीरात याच प्रकारचा जंतू असल्याची पक्की नोंद २००१ मध्ये छापून आली, ती भारतातून परतलेल्या एका प्रवाशाची, आणि निदान करणारे होते फ्रान्समधले डॉक्टर! जंतू आपला, गोचीड आपले, कुत्री आपली. पुरावा फ्रान्समधल्या मार्सेलला.

पण सगळंच बाहेरच्यांनी केलं असंही नाही, आणि हे सांगताना मला वऱ्हाडचा म्हणून अभिमान वाटतो. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांचा अभ्यास करून २०११ मध्ये इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात एक गुणपद्धत मांडली. महागड्या तपासणीची वाट न पाहता, समोरच्या मुलाला बघून आणि साध्या रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून गुण द्यायचे. तळहात-तळपायावर पुरळ, पावलांवर सूज, ताप आल्यावर दोन ते चार दिवसांत उठलेलं पुरळ, प्लेटलेट कमी, सोडियम कमी, अल्ब्युमिन कमी. आणि त्याच यादीत घर खेड्यात आहे का, घरी पाळीव प्राणी आहेत का, गोचिडांशी संपर्क आला का. बेरीज १४ किंवा जास्त झाली की स्पॉटेड फीवर धरून चालायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर काचेखाली ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे. मी आजवर जेवढ्या टेबलांपुढे बसलो त्यांच्या काचांखाली देवाचे फोटो, लसीकरणाचं वेळापत्रक आणि बदलीच्या आदेशांच्या झेरॉक्स पाहिल्या, हे काही दिसलं नाही.

२०१५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने रिकेट्सियल आजारांच्या निदान-उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात जिथे हे आजार नोंदले गेले त्या राज्यांत महाराष्ट्र आहे. त्यांचा गाभा असा की संशय आला की प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नका, डॉक्सिसायक्लिन सुरू करा. याला कारण आहे. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात, म्हणजे उपचाराचा खरा उपयोग असतो तेव्हा, रक्ततपासणी बहुधा निगेटिव्हच येते. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात फार तर वेल-फेलिक्स होते. ही तपासणी १९१६ सालची आहे. प्रोटियस नावाच्या वेगळ्याच जिवाणूशी रुग्णाचं रक्त योगायोगाने प्रतिक्रिया देतं, त्यावरून अंदाज बांधायचा. काहीच नसण्यापेक्षा बरी, पण तिच्या निगेटिव्हवर विसंबून औषध थांबवणं म्हणजे जुगार.

नागपूर परिसरात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने माणसं दगावली आणि वर्तमानपत्रांत रोज बातम्या आल्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या डॉक्टरांना ‘रिकेट्सियल’ हा शब्द ऐकून तरी माहीत झाला. चांगलंच झालं. पण त्यातून एक नवीनच अडचण उभी राहिली. स्क्रब टायफस होतो तो गवतातल्या अगदी बारीक माइटच्या पिल्लांपासून, त्याचा जंतू वेगळा, त्याची तपासणीही वेगळी. स्क्रबची एलायझा ही रक्ततपासणी स्पॉटेड फीवर पकडत नाही. तरी ‘स्क्रब निगेटिव्ह’ आलं की फाइल मिटते आणि रुग्ण ‘डेंग्यूसदृश’ या आपल्या लाडक्या रकान्यात जाऊन पडतो. पुरळ आहे, प्लेटलेट कमी आहेत, डेंग्यू निगेटिव्ह आहे, तरीही डेंग्यूसदृशच! पुरळ तळहातावर आहे का, एवढं बघायला कोणतं किट लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर हा याच कुळातला, पण आपल्याकडच्यापेक्षा बराच जहाल आजार आहे. तो गोचिडांमुळे पसरतो हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये मोंटाना राज्यात गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं. जंतूंच्या कुळाला नाव मिळालं ते त्यांचंच. शंभर वर्षांचा अभ्यास गाठीशी असलेल्या त्या देशालाही २००३ च्या सुमारास ॲरिझोनाच्या पूर्व भागात चकवा बसला. तिथे हा आजार असायला नकोच होता, कारण तो वाहणारे नेहमीचे गोचीड त्या कोरड्या प्रदेशात जवळपास नव्हते. तरी आदिवासी वस्त्यांतली लहान मुलं तापाने फणफणू लागली. शोध घेतला तेव्हा वाहक निघाला कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड, म्हणजे आपल्या दारातला.

२००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो अभ्यास छापून आला. २००२ ते २००४ मधले १६ रुग्ण, बहुतेक १२ वर्षांच्या आतली मुलं, दोघांचा मृत्यू. यातला एक तपशील आपल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. गोचीड चावल्याचं आठवत होतं ते फक्त चौघांना. पण गोचिडांनी भरलेल्या कुत्र्यांशी संपर्क सोळाच्या सोळा जणांचा होता.

म्हणजे आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. केसपेपर काढताना कुणी विचारलंच तर विचारतात, “गोचीड वगैरे चावला का?” रुग्ण नाही म्हणतो आणि तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. पिल्लाच्या चाव्याची खाजही येत नाही, आणि मुलाच्या केसांत मानेमागे कोण शोधतं? युरोपात भूमध्य समुद्राकाठच्या प्रकारात चावल्याच्या जागी काळी खपली दिसते, आपल्याकडे ती पुष्कळदा सापडतच नाही. त्याऐवजी विचारा की घरी कुत्रा आहे का, त्याला गोचीड आहेत का, शेजाऱ्याच्या कुत्र्याला आहेत का, गोचीड कोण काढतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे. बाई किंवा पोरं. बोटांनी उपटायचे आणि दगडावर नाहीतर अंगठ्याच्या नखावर ठेचायचे. ठेचलेल्या गोचिडाचं पाणी बोटावरच्या चिरेतून किंवा डोळ्यातून शरीरात गेलं तरी संसर्ग होऊ शकतो. चावा घेतलेलाच नसताना चाव्याचा इतिहास कुठून मिळणार?

ॲरिझोनाची आणखी एक गोष्ट. साथ लक्षात आल्यावर तिथल्या संशोधकांनी त्या भागातल्या कुत्र्यांचे १९९६ साली दुसऱ्याच कामासाठी घेऊन गोठवून ठेवलेले रक्तनमुने बाहेर काढले. त्यांतल्या काही कुत्र्यांत स्पॉटेड फीवर गटाच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. पहिलं मूल दगावण्याच्या कितीतरी वर्षं आधी कुत्र्यांच्या रक्तात इशारा होता, फक्त कुणी वाचला नव्हता.

आपल्याकडे असे नमुने नाहीत का? महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबईच्या परळपासून शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूरपर्यंत पसरली आहेत. त्यांच्या चिकित्सालयांत कुत्र्यांच्या रक्ताच्या तपासण्या सतत चालू असतात. मुंबई-पुण्यातल्या खासगी प्रयोगशाळांत तर विचारूच नका. नसबंदी केंद्रांत भटकी कुत्री भूल देऊन टेबलावर असतात, तेव्हा एक-दोन मिलिलिटर रक्त घेणं आणि कानातले चार गोचीड अल्कोहोलच्या कुपीत टाकणं हे मिनिटभराचं काम आहे. उरलेलं सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर राहणारं पाणी, आज आपण ओतून देतो. तेच तालुका आणि महिना लिहून गोठवलं, तर एका वर्षात कुठल्या तालुक्यातल्या कुत्र्यांचा या जंतूंशी जास्त संबंध आला आहे याचा नकाशा तयार होतो. प्रतिपिंडांवरून नेमकी जात ओळखता येत नाही, या गटातले जंतू एकमेकांशी गफलत करतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच गोचीड हवेत. त्यांच्यातला जंतू पीसीआरने पकडून त्याच्या जनुकांचा क्रम वाचला की इंडिका आहे की आणखी कुणी, ते कळेल. कदाचित आपल्याकडे अजून नोंदच न झालेला एखादा प्रकारही सापडेल.

हे महाराष्ट्राला जमणार नाही असं म्हणायला जागा नाही, कारण आपण हे करून दाखवलं आहे. गोचिडांमुळेच होणाऱ्या माकडतापाचं बघा. १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात मेलेल्या माकडांवरून या आजाराचा माग काढण्यात पुण्याच्या त्या वेळच्या व्हायरस रिसर्च सेंटरचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, मोठा वाटा होता. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आला. काजूच्या हंगामात बागेत राबणारी माणसं आजारी पडू लागली. तेव्हापासून तिथे मेलेलं माकड दिसलं की कळवायचं हे गावकऱ्यालाही ठाऊक झालं आहे. वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य तिघे एका जागी येतात, गोचीड गोळा होतात, तपासले जातात. कोकणात माकड जे सांगतं ते उरलेल्या महाराष्ट्रात कुत्रा सांगू शकतो. आणि सिंधुदुर्गात गोळा केलेले गोचीड एरवी विषाणूसाठी तपासलेच जातात, तर त्याच नमुन्यांत रिकेट्सियासाठी एक जादा तपासणी लावायला काय हरकत आहे? एकदा बर्फात घालून पुण्यापर्यंत गेलेला गोचीड दोन प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो.

इथे एक भीती बोलून दाखवतो. ‘कुत्र्यांपासून ताप’ अशी बातमी आली की पहिली मागणी काय होईल, ते तुम्हालाही माहीत आहे. कुत्री उचला. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका, आणि नगरपालिकांनाही जाऊ देऊ नका. कुत्रा हा गोचिडांचा यजमान आहे. यजमान अचानक नाहीसा झाला तर भिंतीतले भुकेले गोचीड उपोषण करत नाहीत, जे अंग जवळ असेल त्यावर चढतात. ॲरिझोनात एका वस्तीत २०१२-१३ मध्ये त्यांनी वेगळा मार्ग धरला. घरोघरच्या कुत्र्यांना दीर्घकाळ काम करणारे गोचीडनाशक पट्टे घातले, अंगणांत आणि घराभोवती औषध टाकलं. काही महिन्यांनी त्या वस्तीतल्या जेमतेम १ टक्का कुत्र्यांवर गोचीड दिसत होते. असा उपक्रम न राबवलेल्या शेजारच्या वस्त्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं.

असे पट्टे आपल्याकडे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून वस्तीवरचा माणूस हसतो. एका पट्ट्याच्या पैशांत त्याच्या शेळीचं महिन्याचं भागतं. दर तीन महिन्यांची गोळीही तशीच. मग काय वापरलं जातं? गुरांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन, कुत्र्याला अंदाजपंचे चोळलेलं. मात्रा कमी पडली की गोचीड मरत नाहीत आणि औषधाला निगरगट्ट होतात. गाईंवरच्या गोचिडांत डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनविरुद्धचा प्रतिकार भारतात ठिकठिकाणी नोंदला गेला आहे. शेतकरी म्हणतो, “औषध डुप्लिकेट आहे,” आणि दुप्पट मारतो. कुणी रॉकेल चोळतं, कुणी काडी लावतं, मग भाजलेलं कातडं घेऊन कुत्रा माझ्याकडे. पशुसंवर्धन विभागाने ज्या गावात माणसाचा एक रुग्ण सापडला त्या गावातल्या कुत्र्यांना तरी पट्टे फुकट द्यावेत. सगळ्या राज्याचं मी म्हणत नाही. जिथे रुग्ण, तिथे त्याच आठवड्यात, घर-गोठ्याच्या भेगांसकट. खर्चाचा अंदाज काढा आणि एका अतिदक्षता खाटेच्या बिलाशेजारी ठेवून बघा.

आरोग्य विभागासाठी मागणी त्याहून स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन आवश्यक औषधांच्या यादीत आहे, काही रुपयांची कॅप्सूल आहे, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससाठी मुंबई-कोकणात वाटलीही जाते. म्हणजे औषध गोदामात आहे. अडतं ते मुलांच्या बाबतीत. आठ वर्षांखालच्या मुलाला दिलं तर दात पिवळे पडतात, हे शिकवलेलं डॉक्टरांच्या हाडीमाशी भिनलं आहे. ते जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवावरून आलेलं आहे. अमेरिकेतल्या एका आदिवासी राखीव भागात आठ वर्षांच्या आत डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या ५८ मुलांचे दात पुढे तपासले गेले, २०१५ मध्ये अहवाल छापला गेला. औषधाचा डाग एकाच्याही दातांवर नव्हता. तिथे आता कुठल्याही वयाच्या मुलाला या आजारात हेच पहिलं औषध आहे. आणि तिकडच्या जहाल प्रकारात ते पाचव्या दिवसाच्या आत सुरू होणं हा जगण्या-मरण्यातला फरक ठरतो. हे एका परिपत्रकात, संचालकांच्या सहीने, स्पष्ट शब्दांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं तर वैद्यकीय अधिकाऱ्याचा हात धजावेल. सध्या तो घाबरतो, कारण उद्या काही झालं तर सही त्याची एकट्याची. गरोदर बाईसाठी ॲझिथ्रोमायसिनचा पर्याय आहे, तोही त्याच कागदावर येऊ द्या.

आमची, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांची, एक बाजू यात कायम राहून जाते. पशुधन पर्यवेक्षक, गोठ्यातला गडी, कुत्र्यांना आंघोळ घालणारी मुलं, नसबंदी केंद्रातले मदतनीस यांच्या अंगावर गोचीड चढणं ही बातमीच नसते. संध्याकाळी घरी जाऊन शर्ट झटकतात. यांच्यातल्या कितीजणांना हा जंतू कधी ना कधी लागून गेला, कुणी रक्त तपासून पाहिलं आहे का? कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर आमचेही घ्या. संघटनेच्या जिल्हा बैठकीत मी विषय काढला तेव्हा पहिला हात वर झाला तो एका निवृत्त पर्यवेक्षकांचा. त्यांना म्हणे नोकरीत असताना तीनदा ‘टायफॉईड’ झाला होता.

आता वन हेल्थ संस्थेबद्दल. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात तिची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघायचं, हा तिचा हेतू. त्यासाठी मोठमोठे विषय सुचवले जातील, निपाह, बर्ड फ्लू, काँगो फीवर. काँगोचा तर २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात सावधगिरीचा इशाराही निघाला होता, तोही गोचिडांचाच आजार. ते सगळं महत्त्वाचं आहे, नाही म्हणत नाही. पण संस्थेच्या कुंपणापासून तासाभराच्या अंतरावर रोज घडू शकणारा, दहा-वीस रुपयांच्या औषधाने बरा होणारा आजार तपासून बघायला परदेशी सहकार्याच्या कराराची वाट बघावी लागत नाही. सुरुवातीला विदर्भातले दोन तालुके घ्या. ग्रामीण रुग्णालयात पुरळ असलेला, डेंग्यू निगेटिव्ह तापाचा रुग्ण आला की त्याचं रक्त दोनदा घ्या, आल्याबरोबर आणि दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे प्रतिपिंडं चौपट वाढली का ते दिसेल. जमलं तर पुरळाच्या जागची कातडीही घ्या, कारण जंतूचा अंश रक्तापेक्षा तिथे सापडण्याची शक्यता जास्त. त्याच आठवड्यात पशुधन विकास अधिकाऱ्याने त्या घरी जाऊन कुत्र्याचं रक्त आणि भिंतीतले गोचीड घ्यावेत. दोन्ही कागदांवर एकच क्रमांक टाकावा. एवढंच. तो एक क्रमांक आज महाराष्ट्रात कुठेच पडत नाही.

यात कुणाचं काय अडेल, तेही लिहितो, म्हणजे उत्तरात ते परत यायला नको. पशुधन विकास अधिकाऱ्यांची पदं रिकामी आहेत, खरं आहे. त्यांच्याकडे एका वेळी दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार असतो आणि लाळ्या-खुरकूत लसीकरणाच्या टॅगिंगची माहिती भरण्यात दिवस जातो. म्हणून हे काम त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नका, आम्हा खासगी पशुवैद्यकांना सामील करून घ्या. अतिशीत साखळी तालुक्याला नाही हेही खरं, पण लस ठेवायचा फ्रीज आहे, आणि अल्कोहोलमधल्या गोचिडाला तोही लागत नाही. मानवी नमुन्यांसाठी नैतिक समितीची मंजुरी लागेल, ती लागायलाच हवी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अशा समित्या आहेत.

आमच्या तालुक्यातले आम्ही काही खासगी पशुवैद्यक कुत्र्यांचं उरलेलं सीरम आणि गोचीड गावाचं नाव, तारीख आणि घरात कुणाला ताप आहे का याच्या नोंदीसह ठेवायला तयार आहोत, कुपी आणि अल्कोहोल आमच्या खर्चाने. ते कुठल्या प्रयोगशाळेत, कुणाच्या नावे आणि कोणत्या वारी पोचवायचं, आणि निष्कर्ष आम्हाला व त्या घरच्या डॉक्टरांना किती दिवसांत कळेल, एवढं दोन्ही विभागांच्या संयुक्त सहीने लेखी कळवावं. परिपत्रक मराठीत असावं. एक प्रत आशाताईंना द्यायची आहे, कारण घरात कुणाला पुरळ आलं आणि दारातल्या कुत्र्याच्या कानात काय आहे, या दोन्ही गोष्टी गावात एकाच वेळी दिसतात त्या त्यांनाच.

कळावे,

आपला,
एक खासगी पशुवैद्यक,
पश्चिम विदर्भ